आधी चौथं, मग तिसरं

‘हे चौथं रीळ आहे,’ मी नरसय्याच्या कानाशी लागून म्हणाले.

‘तिसरंच हाय, बाई.’

‘नरसय्या, मी गेल्याच्या गेल्या आठवड्यात दोनदा पाहिलाय हा सिनेमा. तिसऱ्यात ती माफी मागते. हे चूल विझवून जाण्याचं शेवटी येतं.’

त्यानं प्रोजेक्टरवरची नजर काढली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘तुम्ही पुढं जाऊन बसा. तिसरंच हाय.’

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात दुसऱ्या रांगेच्या कडेला बसलेल्या फौजदार सावळकरांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी परत फिरले. शहात्तर सालचा जानेवारी होता, आणीबाणीला सात महिने झाले होते. आमच्याच कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या सरांना दिवाळीच्या आधी घरातून उचलून येरवड्याला नेलं होतं, का ते त्यांच्या बायकोलाही कुणी सांगितलं नव्हतं. ताकही फुंकून प्यायचे दिवस होते ते, आणि मी तर मुळातच संशयी बाई.

सोलापुरात आमची छोटीशी फिल्म सोसायटी होती. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही बाहेरदेशीचे सिनेमे दाखवायचो. प्रोजेक्टर एकच. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, नरसय्या दुसरं चढवायचा आणि तेवढ्या वेळात मी पडद्यासमोर उभी राहून झालेली आणि होऊ घातलेली गोष्ट मराठीत सांगायची. मी कॉलेजात फ्रेंच शिकवत असे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सभासद त्याला ‘बाईंचं निरूपण’ म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

नरसय्या गड्डम एका थिएटरात ऑपरेटर होता. रविवारी सकाळी आमच्याकडे फुकट यायचा, वर बायकोला आणि तिच्या विडीकामगार मैत्रिणींना घेऊन यायचा. आमचे सभासद नाकं मुरडायचे. पण हॉलमध्ये मोकळेपणानं हसायच्या त्या बायकाच.

त्या रविवारचा सिनेमा चाळीसेक वर्षांपूर्वीची एक फ्रेंच कॉमेडी होती. एक बडा कारखानदार मंत्री होणार असतो. त्याच्याकडे मेजवानी ठरते आणि सूप वाढायची चांदीची पळी नाहीशी होते. पहिल्या रिळात आपण बघतो, की मालकानं ती स्वतःच पाठ खाजवायला घेतली होती आणि कोटाच्या अस्तरात विसरला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसऱ्या रिळात तो सगळ्या नोकरांना ओळीनं उभं करून झडती घेतो. तिसऱ्यात वीस वर्षं राबलेली स्वयंपाकीण, बाकीच्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून, न केलेल्या चोरीची गुडघे टेकून माफी मागते. आणि चौथ्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती चूल विझवून निघून जाते. तिच्यामागोमाग साऱ्या गल्लीतले नोकर निघतात. मालकलोक ऑम्लेटं करपवतात, पळी कोटातून खाली पडते, मालक टोपी काढून भर बाजारात तिला परत बोलवायला येतो. ती काही बोलत नाही. आपला एप्रन सोडते, त्याच्या कमरेला बांधते, आणि टोपली उचलून चालायला लागते. तिथं सिनेमा संपतो.

या सिनेमावर मी चार पानांचं टिपण लिहिलं होतं, ‘एका हसऱ्या चित्रपटातील सामाजिक आणि राजकीय आशय’. आज त्या शीर्षकाचं हसू येतं. तेव्हा मात्र मी ते तीनतीनदा वाचून खूश झाले होते. त्यातलं एक वाक्य माझं विशेष लाडकं होतं: ‘ज्या घरात झडती मालकापासून सुरू होत नाही, त्या घरात चोर नेहमी नोकरच ठरतो.’ छापणार कोण? तीन प्रती टाइप केल्या. एक माझ्याकडे, एक सोसायटीचे चिटणीस हत्तुरे वकील यांच्याकडे आणि एक नरसय्याच्या टेबलावर. कुठलं रीळ कुठं संपतं ते त्यात होतं म्हणून त्याला दिली.

रविवारी साडेनऊला मी हॉलवर पोचले तर मागच्या जिन्यापाशी नरसय्या एका अनोळखी माणसाशी बोलत उभा. पांढरा बुशशर्ट, पण पायात खाकी मोजे आणि पोलिसी बूट. मला बघताच नरसय्या आत गेला. तो माणूस माझ्याकडे आला.

‘आपणच जोगळेकर बाई ना? मी फौजदार सावळकर. आज आम्हीपण सिनेमा बघणार आहोत.’

‘या ना,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

‘आम्हाला फ्रेंच कुठलं यायला. तुमच्या निरूपणावर भिस्त.’ मग सावकाश, एकेक शब्द चघळत म्हणाले, ‘काय बाई, झडती मालकापासून सुरू करायची म्हणता?’

हे वाक्य जगात तीनच कागदांवर होतं. त्यातला एक माझ्या पर्समध्ये होता.

हत्तुरे वकील दारापाशी सभासदांची कार्डं बघत होते. त्यांना बाजूला घेऊन मी विचारलं, ‘वकीलसाहेब, ते टिपण कुणाला दाखवलंत का?’

‘मी? छे,’ ते म्हणाले आणि कार्डं बघायला लागले. ‘का हो?’

‘त्या फौजदाराला तोंडपाठ आहे.’

त्यांचा चेहरा पडला. घाबरलेत बिचारे, असं मला वाटलं. ‘मग... नरसय्या?’ ते हळूच म्हणाले. हे नाव आधी त्यांच्या तोंडून आलं, ही गोष्ट मी पुढं कितीतरी वर्षं विसरून गेले होते.

तर, पहिलं रीळ झालं, दुसरं झालं. बायका पोट धरून हसत होत्या. दोन्ही वेळा मी गोष्ट सांगितली, जपून, कोरडी. तिसऱ्यात आता ती माफी मागणार, एवढं सांगून बसले. आणि पडद्यावर सकाळ उजाडली. चूल विझली.

तेव्हा मी मागं जाऊन नरसय्याच्या कानाशी लागले, ते वर सांगितलंच आहे. परत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, समजलं. याला सांगितलंय त्यांनी, बाईला गोंधळात पाड, तिच्या तोंडून काहीतरी वदवून घे. पडद्यावर मालक बाजारात आला, टोपी काढली. बाईनं त्याच्या कमरेला एप्रन बांधला तशी विडीवाल्या बायकांच्या रांगेत टाळ्या पडल्या. ती टोपली घेऊन निघाली. आता ‘समाप्त’ची अक्षरं येणार, तेवढ्यात पडद्यावर अंधार झाला. मी वळून बघितलं. नरसय्यानं भिंगापुढे तळहात धरला होता.

दिवे लागले. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मघाशी मी सांगितलं होतं की ती माफी मागणार, आणि तिनं तर मालकाला एप्रन बांधला. सावळकरांनी खिशातून वही काढून मांडीवर ठेवली.

‘मघाशी माझा थोडा घोटाळा झाला,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. ‘स्वयंपाकिणीच्या मनात गैरसमज झाला आणि ती घर सोडून गेली. तिच्या नादानं बाकीचेही गेले. रागाच्या भरात माणसाला आपलं कर्तव्य दिसत नाही. पण आता पुढच्या भागात तुम्ही बघाल, तिला आपली चूक उमगते. ती परत येते. शिस्तीशिवाय घर चालत नाही, हे तिला पटतं. मालकही मोठ्या मनानं तिला पदरात घेतो.’

अडखळणं नाही, चाचरणं नाही. शब्द आपोआप येत गेले. बहुधा रेडिओवर रोज ऐकून ऐकून ते तयारच झाले असावेत. सावळकर लिहीत होते.

मग खरं तिसरं रीळ लागलं. नोकर ओळीनं उभे. स्वयंपाकीण गुडघ्यावर. मी सांगितलं होतं अगदी तसंच दिसत होतं. माफी ऐकून मालक तिच्या डोक्यावर हात ठेवतो, सगळे कामाला लागतात, चुलीवर पातेलं चढतं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागून एका बाईचा आवाज आला, ‘छ्या.’ एवढंच. रीळ संपलं.

सावळकर उठून माझ्यापाशी आले. ‘चांगला सिनेमा आहे, बाई. उगीच काय काय ऐकलं होतं. शिस्तीचा सिनेमा आहे.’ वही मिटून खिशात टाकली. ‘ते टिपण मात्र फाडून टाका. तुम्हाला लिहिता येतं तेवढं सिनेमा बघता येत नाही.’

ते गेले. पण त्यांचा एक माणूस फाटकापाशी चहा पीत उभा राहिला.

तो तिथं होता म्हणून मी ओरडले नाही, इतकंच. हॉलमध्ये हत्तुरे आणि कमिटीचे दोघं-तिघं होते. नरसय्या रिळं डब्यात भरत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘किती दिले त्यांनी?’

त्यानं वर पाहिलं.

‘टिपण तू दिलंस. आज सकाळी त्या माणसाशी काय बोलत होतास? आणि रीळ चुकलं म्हणू नकोस. चुकून रीळ लावणाऱ्याचा हात वेळेवर भिंगापुढे येत नाही. तू मुद्दाम केलंस.’

‘हां,’ नरसय्या म्हणाला. ‘मुद्दाम केलं.’

‘का?’

त्यानं फाटकाकडे बघितलं. मग हत्तुऱ्यांकडे. हत्तुरे खिडकीचा पडदा सारखा करत होते. नरसय्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाला, ‘बाई, डबा उद्या स्टेशनला द्यायचा हाय. विसरू नका.’

‘पुढच्या खेळापासून तू येऊ नकोस,’ मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी आणखी चार जणांना सांगितलं, त्यांनी आणखी दहांना. ‘नरसय्यापासून जपा, तो पोलिसांचा माणूस आहे.’ थिएटरात युनियनची माणसं येत असत, त्यांना पोलिसांचा माणूस नको होता आणि मालकाला कटकट नको होती. दोन महिन्यांत त्याची तिथली नोकरी गेली. तो कुणाकडे तरी चादरी विणायच्या मागावर कामाला जातो असं कानावर आलं. करावं तसं भरावं, असं मी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

आणीबाणी उठली. मधल्या काळात बंद पडलेली आमची सोसायटी मात्र पुन्हा उभी राहिली नाही. मी कॉलेजात शिकवत राहिले. हत्तुरे वकील दर दसऱ्याला घरी सोनं द्यायला येत, चहा घेत, जुन्या सिनेमांच्या आठवणी काढत. त्या सिनेमाची आठवण मात्र त्यांनी कधी काढली नाही. मीही काढली नाही.

चौऱ्याण्णव साली ते गेले. महिन्याभरानं त्यांचा मुलगा एक खोकं घेऊन आला. ‘बाबांच्या कपाटात सोसायटीचे कागद होते. तुम्हालाच उपयोग होईल.’

सभासदांची कार्डं, पावत्या, सिनेमांच्या माहितीचे चिटोरे. आणि एका फाइलीत खेळाच्या परवानगीसाठी पोलीस कचेरीला केलेल्या अर्जांच्या नकला. त्या दिवसांत दर खेळाला असा अर्ज करावा लागे, ते काम हत्तुरे बघत. जानेवारी शहात्तरच्या अर्जावर ‘चित्रपटाचा विषय’ या रकान्यापुढे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘सोबत टिपण जोडले आहे. पाने चार. अत्यंत अभ्यासपूर्ण.’ खाली कचेरीचा शिक्का, पोचल्याची तारीख. सोमवार. खेळाच्या सहा दिवस आधी.

त्यांनी दगा दिला नव्हता. अर्जात विषय विचारलाय, तर नीट द्यावा, एवढाच त्यांचा विचार. वकिली शिस्त. आणि बहुधा माझ्या टिपणाचा त्यांनाही माझ्याइतकाच अभिमान वाटला असावा. मग त्या सकाळी मी विचारलं तेव्हा त्यांची दातखीळ बसली, आणि ती अठरा वर्षं सुटली नाही.

मला हत्तुऱ्यांचा राग आला, पण तो फार टिकेना. माझ्या डोळ्यांपुढे तो भिंगापुढचा हात येत राहिला. टिपण त्यानं दिलं नव्हतं. मग रीळ का बदललं?

नरसय्याचं घर पूर्व भागात, मागांची खडखड चालू असलेल्या एका बोळात सापडलं. दुपार होती. ओट्यावर बसून तो चष्मा पुसत होता. केस पांढरे झालेले. आत उंबऱ्याशी राजव्वा, त्याची बायको, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पानाकडे.

‘बाई,’ नरसय्या म्हणाला. ‘या. बसा.’

मी बसले. अर्जाची नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं ती लांब धरून वाचली आणि परत दिली.

‘तुला माहीत होतं?’

‘त्या दिवशीच. फौजदाराच्या हातात टाचणी लावलेलं होतं की हे. वर वकीलसाहेबांची सही.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘काय बोलू? वकीलसाहेब समोर उभे. त्यांचा पडलेला चेहरा बघितला मी. बाहेर पोलीस चहा पिऊन लागलेला. रिळाचं त्याच्या कानावर जाऊन तुम्हाला आणि म्हाताऱ्याला उचललं असतं तर?’

‘आणि रीळ?’

तो थोडं हसला. ‘फौजदारानं मला विचारलं, ह्या बाईनं लिवलंय तसाच शेवट हाय का? तसा असंल तर बाईला संध्याकाळी घेऊन जावं लागंल. मी म्हणलं, न्हाई साहेब. बाई पुस्तकातनं लिवत्यात. सिनेमा येगळाच हाय. शेवटी स्वैपाकीण माफी मागती. ते म्हणले, बघतो.’ त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘मग काय, बोललो तसं दाखवायला पाहिजे की.’

मी नक्कल घडी घालून पर्समध्ये ठेवली.

‘मला आधी सांगायचं होतंस.’

‘तुमच्या तोंडावर सगळं दिसतं, बाई. मला वाटलं, तुम्हाला खोटं बोलता यायचं न्हाई. तुम्ही गडबडून गप बसशीला, फौजदाराला वाटंल बाईलाच काय कळलेलं न्हाई.’ तो थांबला. ‘पण तुम्ही तर लय पक्क्या निघालाव. शिस्त काय, कर्तव्य काय. मी निसतं रीळ बदललं. गोष्ट तुम्ही बदललाव.’

त्यात टोचणी नव्हती. त्याला खरंच तेव्हा नवल वाटलं असावं. पण मला एकदम कळलं, त्या दिवशी हॉलमध्ये मी त्याच्यावर का तुटून पडले होते. त्यानं फितुरी केली असं ठरवल्यावर, मी त्याच्या थोडंच आधी साठ माणसांसमोर काय केलं ते मला बघावं लागणार नव्हतं. झडती घ्यायचीच होती तर ती कुठून सुरू करायची, हे मी स्वतःच टाइप करून ठेवलं होतं.

‘माझं चुकलं, नरसय्या,’ मी म्हणाले. ‘तुझी नोकरी गेली माझ्यामुळं.’

‘गेली,’ तो म्हणाला. ‘नोकरीचं काय न्हाई. पण सिनेमा सुटला. पुन्हा कुठल्या थिएटरात पाऊल टाकलं न्हाई मी.’

‘आणीबाणी उठल्यावर तरी यायचंस. सांगायचंस.’

‘तवा मला राग आलता. तुम्ही यायला पाहिजे हुतं. मी कशाला येऊ?’

राजव्वाचे हात थांबले होते.

‘बाई,’ ती आतून म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. ‘त्या स्वैपाकिणीचं शेवटी काय झालं?’

‘तुला सांगितलं नाही यानं?’

‘मी काय कुणाला सांगितलं न्हाई,’ नरसय्या म्हणाला. ‘हिला सांगितलं असतं तर विडीच्या कारखान्यात गेलं असतं. मग राहूनच गेलं.’

मी उठले आणि उंबऱ्यापाशी, तिच्यासमोर जमिनीवर बसले. अठरा वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट सांगायची होती, ऐकायला एकटी ती.

‘राजव्वा, त्या दिवशी उलटं दाखवलं आपण. मधे उभी राहून मी सांगितलं तेही खोटं. खरं असं आहे, ती माफी मागते ना, ते आधी. चोरी केलेली नसते, तरी बाकीच्यांसाठी गुडघे टेकते. मग रात्र जाते. आणि सकाळी उठून ती चूल विझवते, निघते. तिच्यामागनं सगळे निघतात. पळी मालकाच्याच कोटात निघते. तो बाजारात येतो, ती आपला एप्रन त्याच्या कमरेला बांधते आणि चालायला लागते. संपलं. पुन्हा परत येत नाही.’

‘परत येत न्हाई?’

‘नाही.’

राजव्वानं सुपातलं एक पान उचललं, उजेडाकडे धरून बघितलं. तिचा चेहरा उजळत गेला.

‘तरीच,’ ती म्हणाली. ‘टोपली घेऊन ती कशी चालली हुती, मी बघितलं हुतं की. तशी चाललेली बाई परत येऊन वाकायची न्हाई.’ तिनं नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं. ‘गल्लीत सगळे म्हणायचे, राजव्वा, तुझ्या नवऱ्याचं काय खरं न्हाई. माझी बहीण पण म्हणली. मी म्हणलं, नवऱ्याचा मला संशय न्हाई. मला त्या गोष्टीचा संशय हाय.’

मग तिनं पानात तंबाखू भरली, विडी वळली, दोरा गुंडाळला आणि नरसय्याला म्हणाली, ‘बाईंना चहा टाका.’